ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो : २५० घोडे पाहिजेत, पण मे महिन्यात टिकले पाहिजेत

काळीमाती (धागा सुरू करणारे)
नमस्कार मंडळी. गाडी दारव्हा तालुक्यात आहे. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, कारखान्यातून १५० घोडे अन् २१० एनएम, पाच गिअर. टर्बो मूळचाच, इंजिन अजून उघडलेले नाही. क्रँकवर (चाकांवर नाही, इंजिनाच्या दांड्यावर मोजलेले) २५० घोडे पाहिजेत. वापर फक्त ऑटोक्रॉस (मैदानावर घड्याळ लावून गाडी पळवणे) आणि ट्रॅक डे, वर्षातून पाच-सहा वेळा. टर्बो कोणता घ्यावा, क्लच-गिअरबॉक्सचे काय करावे, आणि ४५-४६ डिग्रीत हे सगळे चालेल का, एवढे सांगा. इथला ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणते, डिझेलचा मोठा टर्बो स्क्रॅपमधून आणून बसवून देतो, स्वस्तात होते. जमते का?

खराद_अकोला
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो भाऊ, कारण पैसे तिथेच बुडतात. नाही जमत.

डिझेलचा एक्झॉस्ट पूर्ण लोडवर साधारण ७५०-८५० डिग्रीत राहते. पेट्रोल टर्बोचा ९५० च्या आसपास जाते. डिझेल टर्बोचे टर्बाइन हाउसिंग त्या तापमानासाठी ओतलेले नसते, त्याला तडे जातात. ट्रॅक्टरच्या टर्बोला बहुतेक पाण्याचे कूलिंगही नसते. इंजिन बंद केले की तापलेल्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होते. आणि तो "मोठा" आहे हा गैरसमज आहे. ३ लिटरचे ट्रॅक्टर इंजिन २२०० आरपीएमला, वर थोडा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) धरला तरी, सेकंदाला ८०-९० ग्रॅम हवा घेते. तुम्हाला २५० घोड्यांसाठी २०० ग्रॅम पाहिजे. म्हणजे तो टर्बो ४००० आरपीएमच्या आधीच दमून जाईल, नुसती गरम हवा फेकेल. स्कॉर्पिओ-इनोव्हाच्या स्क्रॅपमधले व्हेरिएबल व्हेनचे टर्बो तर घेऊच नका, पेट्रोलच्या उष्णतेत व्हेन अडकतात.

मिस्त्रीला दुसरे काम द्या. ट्रॅक्टरवाल्या माणसाला ऑइल लाइन वाकवणे, ब्रॅकेट बनवणे, बेअरिंग काढणे-बसवणे शहरातल्यापेक्षा बरे जमते.

टॉर्क_पाना
२५० घोडे ऐकायला मोठे वाटतात, पण या इंजिनाला घोडे तोडत नाहीत, टॉर्क तोडते.

हिशेब पाहा. ६००० आरपीएमला २५० घोडे म्हणजे साधारण २९३ एनएम. ते इंजिन आरामात झेलते. पण टर्बो लवकर भरला आणि ३००० आरपीएमलाच ३५० एनएम आले तर तिथे घोडे फक्त १५० असतात, आणि कनेक्टिंग रॉडवरचा दाब मात्र सगळ्यात जास्त. या १.८ टर्बोचे मूळ रॉड बारीक आहेत. ३५० एनएमच्या पुढे त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, आणि तेवढा टॉर्क खालच्या आरपीएमला तर येऊच देऊ नका. रॉड तुटायच्या आधी वाकते. कॉम्प्रेशन एका सिलिंडरला कमी दिसायला लागते, लोक रिंगा बदलत बसतात, अन् नंतर ब्लॉकला भोक पडते.

म्हणून टर्बो असा निवडा की पूर्ण बूस्ट ३५०० च्या वर येईल. जीटी२८६०आरएस या कामाला बरोबर बसते: बॉल बेअरिंग, पाण्याचे कूलिंग, कॉम्प्रेसर ६० मिमी, १.८ लिटरवर ३५००-३८०० ला भरते. तो बनवणारी गॅरेट कंपनी त्याला ३६० घोड्यांपर्यंतचा म्हणते, म्हणजे २५० ला तो निवांत चालेल, हवा कमी तापेल. के०४-००१ हा दुसरा टर्बो मूळ जागेवर सरळ बसते, मॅनिफोल्ड बदलावा लागत नाही, पण २००-२१० घोड्यांच्या पुढे तो ओढून-ताणून चालतो. वाळूघाटावर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावल्यासारखा.

हे सगळे करायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट. चारही प्लग काढून, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. मूळ इंजिनात ९ ते १४ बार दिसते, ७ ला झीज मर्यादा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांनी खाली असेल तर टर्बोचे पैसे बँकेत ठेवा, आधी इंजिन.

वरुडचे_संत्रे
उन्हाचा प्रश्न कोणी घेतला नाही, तो मी घेतो. इथे सगळ्यांचे गणित पुण्याच्या हवेचे असते.

बाहेर २० डिग्री असताना १.०५ बार बूस्ट केला, फिल्टरमुळे घटणारा दाब धरून दाबाचे गुणोत्तर २.१ झाले, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली, तर टर्बोतून हवा ११५ डिग्रीला निघते. बाहेर ४५ असेल तर तीच हवा १४८ ला निघते. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) ७० टक्के कामाचा असेल तर पहिल्या बाबतीत इंजिनात ४८-४९ डिग्रीची हवा जाते, दुसऱ्यात ७६ ची. या गाडीचा मूळ इंटरकूलर छोटा, पुढच्या चाकाच्या कोपऱ्यात. एवढ्या हवेला तो ५० टक्के दिला तरी पुष्कळ. म्हणजे ९६ डिग्री. ९६ डिग्रीच्या हवेवर कितीही चांगले पेट्रोल टाका, नॉकिंग होणार (इंधन आपोआप भडकून ठोके पडणार), ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ मागे घेणार, आणि तुम्ही कागदावर २५० घेऊन १९० च्या गाडीत बसणार.

समोरच्या बंपरमागे बार-अँड-प्लेट इंटरकूलर लावा. गाभा निदान ५५० × १८० × ६५ मिमी. त्याहून जाड घेऊ नका, मागे एसी कंडेन्सर अन् रेडिएटरला हवा मिळायला पाहिजे. पाइप ५७ किंवा ६३ मिमी पुरते. ७६ मिमी पाइप टाकून लोक फक्त भरायची जागा वाढवतात. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या बाजूंच्या फटी फोम किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने बुजवा, नाहीतर हवा कडेकडेने पळते. हे अर्ध्या दिवसाचे, शे-दोनशे रुपयांचे काम आहे, अन् फरक मोठ्या इंटरकूलरएवढाच पडते.

कूलंटमध्ये बोअरचे पाणी टाकू नका. आपल्याकडचे पाणी जड, रेडिएटरमध्ये क्षार धरते. डिस्टिल्ड आणि कूलंट निम्मे-निम्मे. वॉटर पंप काढा अन् त्याचे पंखे बघा. या इंजिनात प्लास्टिकचे पंखे असलेले पंप येतात, ते तडकून शाफ्टवर नुसतेच फिरतात. टायमिंग बेल्टसोबत धातूच्या पंख्याचा पंप टाका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, म्हणून बेल्टची तारीख माहीत नसेल तर तो आजच बदलायचा धरा.

काळीमाती
भारी. पण मग मे महिन्यात चालवायचीच नाही का?

वरुडचे_संत्रे
चालवा. ईसीयूमध्ये इनटेक तापमानाप्रमाणे बूस्ट आपोआप कमी होईल असे ठेवा: ६० डिग्रीच्या वर टप्प्याटप्प्याने, ८० ला मूळ बूस्टवर. मेमध्ये २१५-२२० घोडे मिळतील, जानेवारीत २५०. हे मान्य नसेल तर गाडी थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या पाहुण्याला द्या.

डिझेलपंप_यवतमाळ
पेट्रोलचे बोलू. तालुक्याच्या पंपावर आता जे मिळते त्यात २० टक्के इथेनॉल. त्याची दोन टोके आहेत.

एक, इथेनॉलमुळे इंधन जास्त लागते. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे ९ टक्के जास्त इंधन. २५० घोड्यांचा हिशेब असा: टर्बो पेट्रोल इंजिन दर घोड्याला तासाला सुमारे २७० ग्रॅम इंधन घेते. २५० × २७० म्हणजे ६७-६८ किलो, म्हणजे ९१ लिटर तासाला, मिनिटाला १५२० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले ३८०. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून ४७५. ई२० साठी ९ टक्के वर, ५२० च्या आसपास. तेव्हा ५५० सीसीचे घ्या. मूळचे ३१५ च्या आसपासचे, ते १८०-१९० ला संपतात. पंप टाकीतला, २५५ लिटर वर्गाचा. ४ बार दाबाला तो २५५ देत नाही, पण तुमच्या १०० लिटरच्या गरजेला पुरून उरते. पंपाला बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले द्या, वीस वर्षांच्या जुन्या वायरीवर व्होल्टेज पडते आणि दाबही पडते. हेच सगळ्यात जास्त लोकांचे चुकते: पंप नवीन, वायर जुनी.

दुसरे टोक, इथेनॉल पाणी धरते. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली, टाकी अर्धी, तर पाणी अन् इथेनॉल खाली बसते आणि वर ऑक्टेन कमी झालेले पेट्रोल उरते. उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. रबरी पाइप इंजेक्शनच्या दर्जाचे, जे३०आर९ छापलेले. टाकीच्या आत बुडणारा पाइप असेल तर जे३०आर१०. साधा पाइप बाहेरून चांगला दिसते, आतून फुगून सालपटे सोडते, अन् ती इंजेक्टरच्या जाळीत.

ट्रॅकला जाताना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. मॅप (ईसीयूतले इंधन-टायमिंगचे आकडे) त्यावर बनवला असेल तर कमी ऑक्टेनवर पूर्ण थ्रॉटल दाबू नका, एवढे लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

नट_बोल्ट_आर्वी
आता ज्याने गाडी टोचनवर घरी येते ते. गिअरबॉक्स.

या गाडीत ०२जे म्हणतात तो पाच गिअरचा बॉक्स आहे. साधारण २५० एनएमचा धरतात. त्याचे दात बऱ्यापैकी आहेत, कमजोरी डिफ्रेन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणारा भाग). मोठे क्राउन व्हील डिफ्रेन्शियलच्या डब्याला रिव्हेटने जोडलेले असते, बोल्टने नाही. झटक्याने क्लच सोडला, चाक गोल फिरले आणि एकदम पकडले, की रिव्हेट ढिले होतात. एकाचे डोके उडाले की ते आत फिरते आणि बॉक्सचे कवच आतून फोडते. तेल रस्त्यावर, बॉक्स भंगारात. पहिल्या गिअरला इंजिनाचा टॉर्क साधारण तेरा पट होऊन चाकांकडे जाते, म्हणजे ३०० चे ३९००. तो सगळा त्या रिव्हेटांतून.

उपाय दोन. स्वस्त म्हणजे बोल्ट किट. चांगला म्हणजे लिमिटेड स्लिप डिफ्रेन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे), क्वाइफ किंवा पेलोक्विनचे. ते बोल्टने जोडायचेच असते, म्हणून रिव्हेटचा प्रश्न आपोआप मिटते. बजेट असेल तर सरळ दुसरे. २५० घोडे पुढच्या दोन चाकांवर, ओपन डिफ्रेन्शियल, तर ऑटोक्रॉसच्या मातीत आतले चाक नुसते धूर काढते. त्या डिफ्रेन्शियलची एक मर्यादा: चाक पूर्ण हवेत गेले तर ते ओपनसारखेच वागते. डाव्या पायाने ब्रेक हलका धरला की पुन्हा पकड येते.

रिव्हेट काढायचे काम कसे करायचे ते नीट सांगतो, कारण इथेच क्राउन व्हील खराब होते. रिव्हेटचे डोके ग्राइंडरने सपाट करा, क्राउन व्हीलला चाक लागू द्यायचे नाही. मध्यावर पंच मारा. आधी ५ मिमी ड्रिल, खोली फक्त डोक्याएवढी. मग मोठा ड्रिल, डोके वेगळे होईपर्यंत. मग हायड्रॉलिक प्रेसवर दांडा ढकलून बाहेर. हातोडा नको, भोक लांबट होते. भोक लांबट झाले की नवा बोल्ट त्यात हलते, अन् मग रिव्हेटच बरे होते म्हणायची पाळी. नवे बोल्ट कोरडे, तेल पुसून, लाल थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, किटवाल्याने दिलेल्या टॉर्कला. बसवल्यावर बॉक्स जोडायच्या आधी हाताने पूर्ण एक फेरा फिरवा अन् बोल्टचे डोके कवचाला कुठे घासते का बघा.

डिफ्रेन्शियलच्या दोन्ही बाजूंना टेपर बेअरिंग आहेत. जुने बेअरिंग, जुना डबा, जुनी शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) हे सगळे तसेच राहिले तर प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ताण, तसाच. यातले एक जरी बदलले तर शिम पुन्हा मोजावी लागते. "जुनीच टाकली, बसली" हे चालत नाही.

तेल जीएल-४, ७५डब्ल्यू-९०, सुमारे २ लिटर. जीएल-५ ट्रॅक्टरच्या दुकानात सहज मिळते म्हणून ओतू नका, त्यातले गंधकाचे रसायन पितळी सिंक्रो (गिअर जुळवणारी कडी) खाते.

टॉर्क_पाना
नट_बोल्ट भाऊंनी बॉक्स सांगितला, क्लच मी जोडतो. मूळ फ्लायव्हील दोन तुकड्यांचे, आत स्प्रिंग. २५० ला ते एक-दोन हंगाम काढेल, पण जुने असेल तर आधीच खेळ आलेला असते. सरधोपट मार्ग म्हणजे फोक्सवॅगनच्या जुन्या जी६० इंजिनाचे एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर६ इंजिनाचा २२८ मिमी क्लच. दोन्ही या बॉक्सला बसतात. फ्लायव्हीलचे बोल्ट दर वेळी नवे, ६० एनएम आणि वर ९० अंश. ते ताणून बसणारे बोल्ट आहेत, दुसऱ्यांदा वापरले की डोके तुटते. क्रँकचा मागचा सील आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला. बॉक्स पुन्हा उतरवायला परत दोन दिवस जातात.

एकसंध फ्लायव्हीलवर न्यूट्रलला गिअर खडखडतात. बॉक्स खराब झाला नाही, तो आवाज असाच राहणार. क्लच ५०० ते ८०० किमी गावात-शहरात वापरून बसवा, तोवर पूर्ण बूस्ट नाही. घसरते का बघायचे असेल तर चौथ्या गिअरात २००० आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल. काटा पळाला आणि वेग मागे राहिला की क्लच सुटतो आहे.

ऑटोक्रॉस_वर्धा
माझे मत वेगळे. धागावाल्यांचा वापर ऑटोक्रॉस म्हणतात. तिथे दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जातच नाही. २५० घोड्यांचा टर्बो ३६०० ला भरणार म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर निघताना वाट बघायची. मूळ के०३एस टर्बोवर रीमॅप (ईसीयूचे आकडे बदलणे), १ बार, वर जाता जाता बूस्ट खाली आणत, १८०-१९० घोडे आणि २८०-३०० एनएम मिळतात. त्याला नवा मॅनिफोल्ड नको, मोठे इंजेक्टर नकोत. उरलेल्या पैशात लिमिटेड स्लिप डिफ्रेन्शियल आणि ३१२ मिमीच्या पुढच्या ब्रेक डिस्क. मैदानावर ही गाडी २५० वालीला मागे टाकेल.

टॉर्क_पाना
ऑटोक्रॉससाठी हे बरोबर आहे, वाद नाही. ट्रॅकवर नाही. के०३एस लांब सरळ रस्त्यावर ५५०० नंतर श्वास सोडते, आणि ४५ डिग्रीत तर आणखी आधी. काळीमाती, तुम्ही ट्रॅक जास्त करणार की मैदान, हे आधी ठरवा. दोन्ही म्हणाल तर ऑटोक्रॉस_वर्धा म्हणतात तिथून सुरुवात करा. डिफ्रेन्शियल, क्लच, इंटरकूलर, पंप दोन्ही रस्त्यांना लागतातच, वाया काही जात नाही. टर्बो शेवटी.

खराद_अकोला
मॅनिफोल्ड बनवून घ्यायचा तर ऐका. बॉयलर दर्जाचे शेड्यूल ४० चे सव्वा इंची एल्बो, बाहेरून ४२.२ मिमी, आतून ३५. पातळ स्टेनलेसचा पाइप चमकते छान, पण टर्बोचे वजन त्याच्यावर लटकले की वर्षभरात वेल्डिंगजवळ चिरते. फ्लँज १२ मिमी पत्र्यातून कापा. सगळी फ्लँज जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्ट करून मगच टाके मारा. आर्गॉनने वेल्डिंग, एका बाजूला सलग ओढायचे नाही, इकडे थोडे तिकडे थोडे. बोल्ट सोडल्यावर फ्लँज वाकडी होणारच, तिला मिलिंगवर सपाट करून घ्या. रेती कागदावर घासून चालत नाही. टर्बोला खालून आधाराचे ब्रॅकेट द्या, पण ते एका बाजूला सरकू शकेल असे. लोखंड तापून लांबते, कडक बांधले तर तेच फाडते.

टर्बोच्या तेलाचे दोनच नियम, आणि दोन्ही लोक मोडतात. बॉल बेअरिंग टर्बोला तेल आत येते तिथे १ मिमीचे रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाची बुच), नाहीतर जास्त दाबाने तेल सीलमधून टर्बाइनकडे जाते अन् निळा धूर. परतीचा पाइप निदान १६ मिमी आतून, उतार सरळ खाली, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत, आणि संपमध्ये (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारा. कुठेही पोट पडले की तेल साचते, पुन्हा निळा धूर. अर्धे "टर्बो खराब निघाला" हे या पाइपमुळे असते.

संप उघडलाच आहे तर तेल ओढायची जाळी काढून बघा. या इंजिनात साध्या तेलावर चालवलेल्या गाड्यांची जाळी काळ्या चिकट गाळाने भरते, दाब पडते, पहिला बळी टर्बो. तेल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनचे ५०२ ००, बदल ५००० किमीला.

वरुडचे_संत्रे
हवेच्या फिल्टरवर एक ओळ. आपल्याकडे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रस्त्यावर कापसाची रुई अन् सरकीचे तुसकट उडते, मग शेतांची धूळ. तेल लावलेले कापडी शंकू फिल्टर धुळीत कागदी फिल्टरएवढे चांगले नाहीत. कॉम्प्रेसरच्या पात्याची पुढची धार बोटाने बघा: धारदार असेल तर ठीक, बोथट-खरबरीत झाली तर धूळ आत जाते. मूळ डबा ठेवा, कागदी फिल्टर, दर ट्रॅक डेच्या आधी नवा. आणि इंटरकूलरच्या समोर रुई चिकटते, ती मागून पुढे हवा मारून काढा. पुढून मारली तर आत जाऊन बसते.

काळीमाती
ठरले. पहिल्या वर्षी डिफ्रेन्शियल, क्लच, इंटरकूलर, पंप, रीमॅप के०३एस वर. मोठा टर्बो पुढच्या वर्षी. रीमॅप कुठून करावे, रस्त्यावर का डायनोवर (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणारे यंत्र)? समृद्धी मोकळी असते.

नट_बोल्ट_आर्वी
समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, चौथ्या गिअरात ६५०० नेले की तुम्ही तिच्या कितीतरी पुढे. आणि तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून होणारे अपघात तिथे नवीन नाहीत. पूर्ण थ्रॉटलचे लॉग रोलर डायनोवर, समोर मोठा पंखा लावून. लांब वेगाच्या फेऱ्यांसाठी इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक आहे.

कायद्याचेही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, अन् कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गाडी ट्रॅकला नेताना ट्रेलरवर न्या.

डिझेलपंप_यवतमाळ
मॅपवाल्याकडे जायच्या आधी हवेची गळती तपासून जा. नाहीतर डायनोचे तासाचे भाडे गळती शोधण्यात जाते. त्यासाठी महाग किट नको. शेती साहित्याच्या दुकानात ६३ मिमीचे पीव्हीसी एंड कॅप मिळते. त्याला ११.५ मिमीचे भोक पाडा, ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आत ओढून बसवा. टर्बोच्या तोंडाचा रबरी पाइप काढून तिथे हे कॅप क्लिपने आवळा. क्रँककेसकडे जाणारा श्वासाचा पाइप चिमट्याने दाबा, नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात जाते अन् डिपस्टिक उडते. मग कॉम्प्रेसरने हळूहळू १ बारपर्यंत. साबणाचे पाणी फवारणीच्या छोट्या पंपाने मारा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. हवा सगळी एक्झॉस्टमधून निघत असेल तर कोणते तरी व्हॉल्व्ह उघडे आहेत, क्रँक थोडा फिरवा.

या गाडीत बघायच्या जागा: डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा, इनटेक मॅनिफोल्डखालचे श्वासाचे पाइप, एन७५ (बूस्ट आवरणारा व्हॉल्व्ह) चे छोटे नळे. वीस वर्षांच्या उन्हात ते बिस्किटासारखे झालेले असतात, हात लावला की तुटतात. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने सोडणारे दार) चा नळा तुटला तर बूस्ट थांबतच नाही, म्हणून तो पहिला बदला अन् दोन्ही टोकांना क्लिप.

टॉर्क_पाना
मॅपवाल्याला सांगायचे थोडक्यात. बॉशचा एमई७ ईसीयू आहे. इंजेक्टर मोठे केले की केआरकेटीई (इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवणारा) हा आकडा त्याच प्रमाणात खाली येतो. ३१५ वरून ५५० गेलात तर ०.५७ पट. सोबत टीव्हीयूबी, म्हणजे इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजप्रमाणे. तो चुकला की आयडलला गाडी गुदमरते आणि लोक मॅपमध्ये इकडेतिकडे खुडबुड करतात. सरळ चालीत फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतः करते ती इंधनाची दुरुस्ती) ५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नाही.

पुढच्या वर्षी २५० ला जाल तेव्हा हवा मोजणारा सेन्सर मोठ्या नळीत घालावा लागेल. छोटी नळी १८० ग्रॅमच्या आसपास भरून जाते. मूळ दाब सेन्सर २.५ बार अ‍ॅब्सोल्यूटचा आहे, तेव्हा १.५ बारच्या वर ईसीयूला काही दिसत नाही. तुम्हाला १.१ पुरते, बदलायची गरज नाही.

पहिल्या पूर्ण थ्रॉटलला वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला हवा-इंधन मोजणारा सेन्सर) लॅम्डा ०.८० ते ०.८२, १ म्हणजे नेमके प्रमाण, खाली म्हणजे इंधन जास्त. टायमिंग करेक्शन (नॉकिंगमुळे ईसीयूने मागे घेतलेली ठिणगी) कोणत्याही सिलिंडरला ६ अंशांच्या वर गेले तर पाय काढा, बूस्ट कमी करा. प्लग एनजीके बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी. इग्निशन कॉइल जुन्या असतील तर एक जादा सोबत ठेवा. या गाडीत त्या जातातच.

काळीमाती
सगळ्यांचे आभार. एक शेवटचे. ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या टोकाचे बोल्ट दोनदा ढिले सापडले. बारा दाती बिटने आवळले होते.

नट_बोल्ट_आर्वी
एम८ असतील तर ४० एनएम, एम१० असतील तर ७०. पण ढिले व्हायचे कारण टॉर्क नसते, ग्रीस असते. बूट (रबरी टोपण) फाटून सीव्ही सांध्याचे ग्रीस फ्लँजच्या तोंडावर येते, त्यावर आवळलेले बोल्ट सुटतात. दोन्ही तोंडे पेट्रोलने पुसून कोरडी करा, बोल्टचे भोक आतून साफ करा, बोल्ट नवे घ्या, सोबत येणारी दोन बोल्टांची पट्टी-वॉशर टाका. आवळायच्या आधी बोल्टच्या डोक्यातली माती टोकदार सळईने खरवडून काढा. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते, बिट पूर्ण आत बसत नाही अन् डोके गोल होते. ५० किमी चालवून पुन्हा एकदा पाना लावा.